आज्ञेचें कूळ

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका उत्तरापाशीं आमची तांबडी पेन्सिल थांबली. सम्राट् अशोकाच्या धड्यांत येणाऱ्या ‘एडिक्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला होता. पुष्कळांनीं ‘शिलालेख’ असें लिहिलें होतें. एका विद्यार्थ्यानें मात्र, ‘एडिक्ट म्हणजे मोठा दगड, ज्यावर राजा लिहितो,’ असें लिहून शेजारीं दगडाचें चित्रहि काढलें होतें. आम्हांस प्रथम हसूं आलें. मग वाटलें, या मुलाची चूक ती आमचीच चूक. आम्हीं वर्गांत दगडाचें चित्र दाखविलें, लिपि दाखविली, सालें पाठ करून घेतलीं. पण त्या दगडावर जें कोरलें आहे त्यास हें नांव कां पडलें, तें सांगावयाचें राहूनच गेलें. तें राहिलेलें काम या वार्षिक अंकांत पुरें करावें, असा विचार आहे. विद्यार्थ्यांनीं हें वाचावेंच. परंतु पालकांनींहि वाचावें अशी आमची विनंति आहे. कारण आज्ञा करण्याचें काम आम्हां शिक्षकांइतकेंच त्यांच्याहि वांट्यास आलेलें आहे.

‘एडिक्ट’ हा शब्द लॅटिन भाषेंतील ‘एडिक्टुम्’ या शब्दापासून आला. त्याचे दोन अवयव आहेत. ‘ए’ म्हणजे बाहेर, आणि ‘डिकेरे’ म्हणजे बोलणें. तेव्हां एडिक्ट म्हणजे बाहेर बोललेलें, चारचौघांत उघडपणें उच्चारलेलें वचन. या शब्दांत दगड नाहीं, तलवार नाहीं, शिक्षेची धमकीहि नाहीं. आहे तो केवळ उघडपणा. राजाच्या मनांत घोळणारी इच्छा, अथवा प्रधानाच्या कानांत त्यानें सांगितलेली गोष्ट, ही एडिक्ट नव्हे. आपल्या खेड्यांत कोतवाल चौकांत उभा राहून दवंडी देत असे आणि विहिरीवरच्या बायकांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांस ती ऐकूं जात असे. ती दवंडी मात्र शब्दशः एडिक्ट होय.

‘डिकेरे’चा परिवार मोठा आहे आणि त्यांतील पुष्कळ मंडळी विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. शिक्षक सांगतात व मुलें उतरून घेतात तें ‘डिक्टेशन’. शब्दांचा संग्रह ती ‘डिक्शनरी’. खरें म्हणून सांगितलेला निर्णय तो ‘व्हर्डिक्ट’. उलट बोलणें तें ‘काँट्रॅडिक्ट’. रोममध्यें संकटकाळीं सहा महिन्यांहून अधिक नाहीं अशा मुदतीसाठीं एकाच माणसाच्या शब्दावर राज्य सोंपवीत, त्यास ‘डिक्टेटर’ म्हणत. कर्ज न फेडणाऱ्यास न्यायाधीश एका शब्दानें सावकाराच्या हवालीं करी, त्यास ‘अडिक्टुस्’ म्हणत. आज व्यसनाच्या हवालीं झालेल्या माणसास इंग्रजींत ‘ॲडिक्ट’ म्हणतात तो हाच शब्द.

परंतु ‘बोलणें’ हा या धातूचा अगदीं मूळचा अर्थ नव्हे. त्याच्याहि मागें ‘दाखविणें’ हा अर्थ आहे. म्हणून अंगठ्याजवळच्या बोटास लॅटिनमध्यें ‘इंडेक्स’ म्हणत. आपणहि त्यास तर्जनी म्हणतों आणि त्याच बोटानें वाट दाखवितों. इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असें प्रतिपादन केलें. त्यानंतरच्या भाषापंडितांनीं जीं नातीं जुळविलीं, त्यांत लॅटिन ‘डिकेरे’ व संस्कृत ‘दिश्’ यांचें नातें पक्कें ठरलें. ‘दिश्’ म्हणजे दाखविणें. दिशा, निर्देश, संदेश, उपदेश आणि आदेश हीं सर्व त्याच धातूचीं लेकरें. म्हणजे रोमच्या न्यायाधीशाचें ‘एडिक्टुम्’ आणि आपला ‘आदेश’ हीं एकाच आजीचीं नातवंडें ठरतात. एकानें ‘उघडपणें’ हा अर्थ जपला, दुसऱ्यानें ‘वाट दाखविणें’ हा अर्थ जपला. दोन्ही एकत्र केले म्हणजे आज्ञेची चांगली व्याख्या होते. जी उघडपणें सांगितली जाते आणि जी वाट दाखविते, ती आज्ञा. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, आज्ञा करणाऱ्यास त्या वाटेनें स्वतः चालावें लागतें. न चालेल तर त्याचा शब्द आदेश राहत नाहीं, नुसता आवाज राहतो.

हें आमचें पदरचें नीतिवचन नव्हे. इतिहासांत तें घडलेलें आहे. प्राचीन रोममध्यें ‘प्रीटर’ नांवाचा न्यायाधिकारी एक वर्षासाठीं नेमला जाई. अधिकारावर येतांच, आपण वर्षभर कोणत्या नियमांनीं न्याय देणार, तें तो चौकांत पांढऱ्या फळ्यावर लिहून लावी. तीच त्याची एडिक्ट. तो फळा पांढरा म्हणून त्यास ‘अल्बुम्’ म्हणत. ज्या ‘अल्बमांत’ आपण घरचीं छायाचित्रें चिकटवितों, त्याचें नांव तेथूनच आलें. पण फळ्यावर एक लिहावें आणि न्यायासनावर बसून दुसरेंच करावें, असे अधिकारीहि निघाले. व्हेरीस या प्रीटरावर इ. स. पूर्व ७० मध्यें खटला झाला, तेव्हां स्वतःच्याच एडिक्टेविरुद्ध तो निकाल देत असे, हाहि आरोप सिसरो या वक्त्यानें त्याजवर ठेवला. पुढें तीनच वर्षांनीं, इ. स. पूर्व ६७ मध्यें, रोममध्यें कायदा झाला कीं, प्रीटरानें स्वतः लावलेल्या एडिक्टेप्रमाणेंच न्याय दिला पाहिजे. आज्ञा करणारा आपल्याच आज्ञेनें बांधला गेला. लॅटिन भाषेनें जगास दिलेल्या देणग्यांत ही देणगी आम्हांस फार मोलाची वाटते.

याच्या उलट उदाहरणहि त्याच रोमचें आहे. इ. स. ३७ ते ४१ या काळांत कॅलिग्यूला हा बादशहा होऊन गेला. त्यानें नवे कर बसविले. पण त्यांची माहिती लोकांस दिली नाहीं. न कळल्यामुळें पुष्कळांच्या हातून नियम मोडूं लागले. लोकांनीं ओरड केली, तेव्हां नियम लावले खरे. पण इतक्या बारीक अक्षरांत व इतक्या अडचणीच्या जागीं, कीं कोणास ते उतरूनहि घेतां येऊं नयेत! ही हकीगत सुएटोनियस या चरित्रकारानें लिहून ठेविली आहे. हा बादशहा पुढें मारला गेला. पण त्याची युक्ति मेली नाहीं. कराराच्या कागदावरील शेवटचीं बारीक अक्षरें ज्या पालकांनीं सही केल्यानंतर वाचलीं असतील, त्यांस अधिक सांगणें नलगे.

आपल्या शाळेंत दर नाताळांत ख्रिस्तजन्माची कथा वाचली जाते. तिचा आरंभच एका आज्ञेनें होतो. सर्व जगाची नांवनिशी व्हावी, अशी ती आगुस्त कैसराची आज्ञा. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें केलेल्या लॅटिन भाषांतरांत त्या ठिकाणीं ‘एडिक्टुम्’ हाच शब्द आहे. ती आज्ञा उघड होती. परंतु राजधानींत काढलेल्या आज्ञेपायीं नासरेथचा एक सुतार आणि दिवस भरत आलेली त्याची मरिया यांस बेथलेहेमची वाट धरावी लागेल आणि तेथें उतरण्यासहि जागा मिळणार नाहीं, हें कैसराच्या ध्यानींमनींहि नसेल. आज्ञा लिहिणाऱ्याच्या टेबलापासून ती पाळणाऱ्याच्या पायांपर्यंत किती अंतर असतें, याचें याहून बोलकें चित्र आम्हांस माहीत नाहीं.

हें अंतर ज्यास जाणवलें, असा राजा आपल्या देशांत ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत होऊन गेला. अशोकानें आपल्या आज्ञा लोकांच्या बोलींत कोरविल्या. कंदाहारकडे त्या ग्रीक व अरामी भाषांतहि आढळतात. आपल्या महाराष्ट्रांत सोपारें येथें त्याच्या आठव्या आज्ञेचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ मध्यें मिळाला व नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ मध्यें सांपडला. ओरिसांतील धौली व जौगड येथील लेखांत तर अशी ताकीद आहे कीं, ठरलेल्या नक्षत्राच्या दिवशीं हा लेख वाचून दाखवावा, आणि ऐकणारा एकटाच असला तरी त्याच्यापुढेंहि वाचावा. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या कानापर्यंत आज्ञा गेली पाहिजे, याची ही काळजी पाहावी. त्याहून मोठी गोष्ट पहिल्या शिलालेखांत आहे. प्राण्यांची हत्या करूं नये, असें सांगणारा राजा तेथेंच स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेब देतो. पूर्वीं तेथें रोज लाखों प्राणी मारले जात; आतां दोन मोर व एक हरिण मारलें जातें, तें हरिणहि नेहमीं नाहीं; आणि पुढें हे तीनहि मारले जाणार नाहींत. आपलें व्रत अजून पुरें झालेलें नाहीं, ही कबुली त्यानें दगडावर कोरविली! आज्ञा करणाऱ्यानें इतकें खरें बोलल्याचें उदाहरण विरळा.

विदर्भाची भूमिहि या बाबतींत कोरडी नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील देवटेक येथें सांपडलेल्या शिलेवर प्राचीन ब्राह्मी लिपींत, प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी कोणा स्वामीची आज्ञा कोरलेली आहे. आणि आपल्या वर्ध्याजवळचें पवनार! धाम नदीच्या कांठचें हें गांव म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें. अलीकडील कांहीं संशोधक तो मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. त्या प्रवरपुराहून दुसऱ्या प्रवरसेनानें पांचव्या शतकांत दिलेला एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक गांवीं सांपडला. त्यानें एक हजार ब्राह्मणांस गांव दिलें, सैनिकांस तेथें शिरण्याची मनाई केली. आणि सूर्यचंद्र असेपर्यंत हें दान चालेल, असें म्हणून लगेच अटीहि घातल्या. दान घेणाऱ्यांनीं राज्याविरुद्ध द्रोह करूं नये, चोरी व व्यभिचार करूं नये, इतर गांवांस उपद्रव देऊं नये. तसें केल्यास राजानें जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाहीं. राजा काय देणार व कोणत्या कारणानें परत घेणार, हें दोन्ही पक्षांस एकाच पत्र्यावर वाचतां येत होतें.

मराठ्यांच्या राज्यांतील ‘आज्ञापत्र’ हा रामचंद्रपंत अमात्यांचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभींचा. त्यांत आरमाराच्या लांकडासंबंधीं जी आज्ञा आहे, ती प्रत्येक पालकानें वाचावी. आंबा, फणस यांचें लांकूड आरमारास उपयोगी खरें. परंतु रयतेनें तीं झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तेव्हां जुलमानें त्यांस हात लावूं नये. एखादें जीर्ण झाड घेणेंच झालें, तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा तिचा आशय आहे. येथें आज्ञा कारण सांगते, आणि ती सरकारच्याच माणसांचा हात धरते.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील, आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींतील एक गोष्ट सांगतों. पवनारच्या आश्रमांत आचार्य विनोबा भावे राहत. १९४० च्या १७ ऑक्टोबर रोजीं तेथेंच युद्धविरोधी भाषण करून ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले होते. १९७४ च्या नाताळच्या दिवसापासून त्यांनीं एक वर्षाचें मौन धरिलें. मौन चालू असतां २५ जून १९७५ च्या रात्रीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. वर्तमानपत्रांवर तपासणी बसली. त्या दिवसांत विनोबांनीं ‘अनुशासनपर्व’ एवढाच शब्द लिहून दाखविला. हें महाभारताच्या तेराव्या पर्वाचें नांव. तो शब्द आणीबाणीस दिलेला आशीर्वाद म्हणून देशभर भिंतींवर झळकला. वर्ष पुरें होऊन मौन सुटलें, तेव्हां विनोबांनीं त्याचा उलगडा केला. सत्ताधाऱ्यांचें असतें तें शासन; अनुशासन असतें तें आचार्यांचें, आणि आचार्य तर निर्भय, निर्वैर व निष्पक्ष असावे लागतात, असा त्याचा सारांश होता. पुढें १९७६ च्या जानेवारींत पवनारला आचार्यांचें संमेलनहि भरलें. आणीबाणी उठली ती मात्र मार्च १९७७ मध्यें. विनोबांनीं तो शब्द आधीं कोणत्या हेतूनें लिहिला, यावर तेव्हांहि मतभेद होते, आजहि आहेत. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण एका उपसर्गाचा अर्थ स्पष्ट न झाल्यास किती लोक किती काळ फसूं शकतात, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. व्याकरणाचा तास निरुपयोगी, असें म्हणणाऱ्यांस आमचें हेंच उत्तर आहे.

‘शास्’ या धातूपासून शासन व शास्त्र हे शब्द झाले, तसाच ‘शिष्य’ हाहि शब्द झाला. म्हणून ही चर्चा शेवटीं वर्गाच्या दारांत येऊन पोहोंचतेच. आणि तेथें आम्हांस स्वतःविषयीं बोलणें भाग आहे. चार वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आम्हीं आमच्या फळ्याच्या कोपऱ्यांत लिहिलें, ‘घंटेनंतर येणाऱ्यानें पहिला तास दाराबाहेर उभें राहावें.’ पवनारकडून सायकलीनें येणारा एक मुलगा दोन वेळां बाहेर उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यांत आमचीच सायकल वाटेंत पंक्चर झाली आणि आम्ही दहा मिनिटें उशिरां आलों. वर्ग नेहमींप्रमाणें उठून उभा राहिला. कोणी हसलें नाहीं, कोणी बोललें नाहीं. त्या मुलानें फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि खालीं मान घातली. आम्हीं काय करावयास पाहिजे होतें, तें उघड होतें. आम्हीं काय केलें? आम्हीं डस्टर उचललें, ती ओळ पुसली आणि पुस्तक उघडलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. कॅलिग्यूलाची गोष्ट आम्हीं त्याच वर्गास हसत हसत सांगितली होती! तिसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर नवी ओळ लिहिली, ‘उशिरां येणारा, मग तो विद्यार्थी असो वा शिक्षक, वर्गापुढें कारण सांगेल व आंत येईल.’ प्रथम आम्हीं आमचें कारण सांगितलें आणि त्या मुलाची क्षमा मागितली. मग त्यानें आपलें कारण सांगितलें. शाळेंत येण्यापूर्वीं त्यास घरोघर दूध घालावें लागत असे. दोन वेळां त्यास बाहेर उभें करूनहि आम्हीं हें एकदांहि विचारलें नव्हतें.

कित्येक पालक म्हणतील, मुलांस कारणें सांगत बसलें तर धाक राहील कोठें? आग लागली असतां ‘बाहेर पळा’ म्हणावयाचें, का व्याख्यान द्यावयाचें? प्रश्न बरोबर आहे. आगीच्या वेळीं कोणीहि कारण सांगत नाहीं. पण त्या वेळीं मूल ज्याच्या एका शब्दावर धांवतें, त्यानें तो विश्वास इतर दिवशीं मिळविलेला असतो. ‘आम्ही सांगतों म्हणून’ एवढेंच ज्या घरांत कारण असतें, तेथें मुलें आज्ञा पाळण्यास नव्हे, तर लपविण्यास शिकतात. खोटें बोलूं नये, असें सांगून दारांतील माणसास ‘बाबा घरीं नाहींत’ म्हणावयास लावणाऱ्या वडिलांची आज्ञा कोणती समजावी, पहिली का दुसरी? मूल दुसरीच समजतें. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मुलांस आपण पाठ करवितों. ती त्यांनीं आपल्यास लावून पाहूं नये, अशी अपेक्षा मात्र धरूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडेहि या व्यवहाराची एक बाजू आहे. जी आज्ञा उघडपणें केली गेली, तिजवरील शंकाहि उघडपणें विचारली पाहिजे. मागच्या बांकावरील कुजबूज आणि कॅलिग्यूलाचीं बारीक अक्षरें यांची जात एकच. उभें राहून, नम्रपणें, पण ऐकूं जाईल अशा आवाजांत विचारा. आमच्याकडे उत्तर असेल तर आम्ही देऊं. नसेल तर फळ्यावरची ओळ बदलूं, आणि ती तुमच्या देखत बदलूं.

राहतां राहिला तो दगडाचें चित्र काढणारा मुलगा. त्यास आम्हीं दोहोंपैकीं अर्धा गुण दिला होता. हा लेख लिहितांना वाटूं लागलें कीं, आणखी अर्धा द्यावयास हरकत नव्हती. एडिक्ट म्हणजे दगड नव्हे, हें खरें. पण स्वयंपाकघराची कबुली सुद्धां जेथून पुसतां येणार नाहीं अशा जागीं अशोकानें ती कोरविली, हें त्या चित्रानें आम्हांस आठवून दिलें. खडूनें लिहिणाऱ्यास आणि डस्टर हाताशीं असणाऱ्यास तें आठवणें बरें.